अखेरच्या घटका मोजणारा महाल

किलेअर्क हे छत्रपती संभाजीनगरातल्या एका महालाचे, तो महाल ज्या आवारात होता त्या आवाराचे आणि आवाराभोवती वाढलेल्या वस्तीचेही नाव आहे. तिघांपैकी वस्ती उत्तम स्थितीत आहे. फारसीत ‘अर्क’ म्हणजे शहराच्या आतला बालेकिल्ला. बुखाऱ्याचा अर्क प्रसिद्ध आहे. इराणातल्या बम गावचा अर्ग त्याच कुळातला. त्यामुळे ‘किलेअर्क’चा शब्दशः अर्थ ‘किल्ला किल्ला’ असा होतो. एकदा सांगून ऐकणाऱ्याला पटणार नाही अशी शंका नाव ठेवणाऱ्याला आली असावी, आणि आजचे अवशेष पाहता ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मराठीत मात्र अर्क म्हणजे मूळ जिन्नस कुटून, उकळून, गाळून शेवटी हाती लागतो तो थेंबभर ऐवज. सव्वातीनशे वर्षांच्या गाळणीनंतर या महालाचे जे हाती लागते, त्याला मराठी अर्थच जास्त शोभतो.

महाल बांधण्याचा हुकूम औरंगजेबाने १६९२ मध्ये दिला. हुकूम दिला तेव्हा तो स्वतः शहरात नव्हता. दख्खनच्या स्वारीसाठी १६८२ मध्ये तो इथे येऊन पोचला. मराठे न कळवता येतात आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्याने शहराला तट बांधायला लावला आणि १६८३ च्या अखेरीस त्याच मराठ्यांच्या मागावर अहमदनगरकडे कूच केले. पुढे विजापूर, गोवळकोंडा, मग कृष्णा-भीमेच्या काठच्या छावण्या, मग सह्याद्रीतले किल्ले, अशी तेवीस वर्षे गेली. १६९५ पासून चार वर्षे तर मुक्काम भीमाकाठच्या ब्रह्मपुरीलाच होता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि दफन खुलताबादला. खुलताबाद इथून पंचवीसेक किलोमीटर. जन्मभर बदलीच्या गावी राहिलेले आणि स्वतः बांधलेल्या बंगल्याची वास्तुशांत राहून गेलेले अधिकारी मराठवाड्यात आजही पुष्कळ सापडतात; या घराण्याचा मूळपुरुष म्हणून बादशहाकडे बोट दाखवता येईल. महालाकडे दुर्लक्ष करण्याची सुरुवात अशी खुद्द मालकानेच केली. नंतरच्यांनी परंपरा मोडली नाही, इतकेच.

महाल कसा होता हे समजायला सर्वात उपयोगी साधन म्हणजे १८८४ मध्ये छापलेले औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर. मक्का दरवाजा आणि दिल्ली दरवाजा यांच्यामधली जवळजवळ सगळी जमीन अर्काच्या आत होती. चार-पाच दरवाजे, वाजंत्र्यांसाठी नगारखाना, चर्या आणि जंग्या असलेला तट, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि त्यांवर कधीकाळी तोफा. आत लांबच लांब उंच चौथरा, बागा, हौद आणि कारंजी. गॅझेटिअर लिहिले गेले तेव्हा दरबाराचा दिवाणखाना आणि मशीद ही दोन बांधकामे धड होती, हमाम ढासळलेला होता, आणि बाकी महालाचे फारसे काही शिल्लक नव्हते.

म्हणजे हा महाल १८८४ सालीच पडका होता. आपल्या लहानपणी तो चांगला होता असे सांगणारे आजोबा वस्तीत आजही भेटतात. त्यांच्या आजोबांनी त्यांना हेच सांगितले असणार. गॅझेटिअर लिहिणाऱ्यालाही बहुधा असाच एक आजोबा भेटला असेल. सरकारी पुस्तकात आजोबांसाठी रकाना नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

महाल ओस पडण्याचे मुख्य कारण भूकंप नाही, आग नाही, लढाईही नाही. कारण आहे बदली. १७६३ मध्ये निजाम अलीखानाने राजधानी औरंगाबादेहून हैदराबादला हलवली. राजधानीबरोबर सरदार गेले, सरदारांबरोबर खजिना गेला आणि मागे इमारती राहिल्या, कारण इमारतींना प्रवासभत्ता नसतो. तेव्हापासून महालाचे धनी बदलत आले: निजामाचे राज्य, १९४८ नंतर भारतातले हैदराबाद राज्य, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. दप्तराची भाषाही फारसी, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशी बदलत गेली. शहराने तर १६१० पासून खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार ठळक नावे पाहिली. एवढ्या काळात तीनदा पाटी बदलली. छप्पर मात्र तीनदा बदलल्याचे कुठे दिसत नाही. पाटीला खर्च कमी येतो आणि ती बदलताना खाली उभे राहून फोटो काढता येतो. छपरावर चढावे लागते.

छप्पर कुणाचे टिकले आणि कुणाचे पडले, याला या शहरात एक नियम आहे, आणि तो बराचसा अचूक आहे. ज्या महालाला कचेरी मिळाली तो वाचला; ज्याला फक्त अभिमान मिळाला तो पडला. दिल्ली दरवाजाकडची इवजखानाची बारादरी घ्या. तिच्यावरून पाण्याचा पाट जात असे आणि पुढच्या हौदात तुषारांसारखा कोसळत असे. गॅझेटिअरच्या काळी तिथे जिल्ह्याच्या कचेऱ्या बसल्या होत्या आणि समोरची दोन कारंजी चालू होती. कारकुनाचे आणि कारंज्याचे सख्य इतिहासात फार कमी ठिकाणी नोंदले गेले आहे. पाणचक्कीत वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, पाणचक्की आहे. पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महाल ओर्छ्याच्या बुंदेल्या पहाडसिंगाचा. भिंतींवरच्या सोनेरी चित्रांमुळे त्याला हे नाव पडले. सोने बरेचसे गेले, पण राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आले, आणि वेरूळ-अजिंठा महोत्सवाचा मांडवही त्याच्या प्रांगणात पडला. महाल उभा आहे. मलिक अंबराने १६१६ मध्ये बांधलेल्या नौखंडा महालात पुढे निजामांनी भर घातली. त्यात पाच जनाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद आणि कचेरी असा पसारा होता. मूळ वास्तूचे थोडेच उरले, पण त्या परिसरात आज मुलींचे महाविद्यालय आहे. पाच जनान्यांच्या जागेचा याहून चांगला उपयोग कोणत्याही वारसा समितीला सुचला नसता.

नियमाचा सर्वात ठसठशीत पुरावा मात्र सुभेदारी विश्रामगृह. निजामाच्या सुभेदारीची ही वास्तू आजही रंगरंगोटी करून, पडदे धुऊन, दिवे लावून तयार असते, कारण तिथे मंत्री उतरतात. तिचे छप्पर गळण्याची शक्यता कमी आहे. गळलेच तर पत्रकार परिषदेत गळेल, आणि मग ते त्याच संध्याकाळी दुरुस्त होईल.

किलेअर्कालाही कचेऱ्या मिळाल्या, पण अर्ध्यामुर्ध्या. १९२३ मध्ये स्थापन झालेले शासकीय महाविद्यालय याच आवारात आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय, वसतिगृह हेही इथलेच. ज्या भिंतींच्या आत फळा लागला त्या भिंती सावरल्या. मर्दाना महालाच्या, म्हणजे अर्कातल्या पुरुषांच्या महालाच्या, वाट्याला ना फळा आला, ना फाईल. तो पडीक राहिला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना त्याचा फायदा झाला, एवढे मान्य करायला हवे: निसर्गचित्रणाच्या तासाला पडकी कमान शोधत गावाबाहेर जावे लागत नाही. मर्दाना महालाची जलरंगातली स्थिती शहरातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा चांगली आहे.

ओसाड महाल रिकामा असतो ही चुकीची समजूत आहे. तळघरात वटवाघळे, कोनाड्यांत पारवे, चौथऱ्यावर शेळ्या आणि गच्चीवर पतंग उडवणारी मुले, अशी कायमची वस्ती तिथे असते. भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बदामही असतात. यांतल्या बहुतेकांनी आपले नाव पूर्ण न लिहिता आद्याक्षरावर भागवलेले असते. बांधणाऱ्या गवंड्यांनी तेवढेही लिहिले नव्हते. अलीकडे लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी जोडपीही पडक्या कमानी शोधत हिंडताना दिसतात. नवा संसार सुरू करताना मागे कोसळलेली भिंत का हवी असते, हे छायाचित्रकाराला ठाऊक.

सर्वात जुना आणि सर्वात पक्का भाडेकरू म्हणजे पिंपळ. पक्षी फळ खातो, कंगणीवर बसतो, बी टाकतो. चुन्याच्या सांध्यात थोडी माती, थोडी ओल सापडली की बी रुजते. पहिल्या वर्षी दोन पाने दिसतात; त्यावर कुणी आक्षेप घेत नाही, उलट बरे वाटते. दुसऱ्या वर्षी मूळ सांध्यात करंगळीएवढे होते. पाचव्या वर्षी ते मनगटाएवढे होऊन दोन दगडांना हळूच एकमेकांपासून वेगळे करते, भाऊबंदकीत करतात तसे. मग पाहणीच्या आदल्या दिवशी मजूर शिडी लावून पिंपळ छाटतो. वरची फांदी जाते, मूळ आतच राहते आणि पुढच्या पावसात एकाच्या जागी चार फुटवे येतात. पिंपळाचा खरा बंदोबस्त करायचा तर मूळ आतून मारावे लागते, हळूहळू सोडवावे लागते आणि सांधा पुन्हा चुन्याने भरावा लागतो. पण पिंपळाला हात लावायला मजूर मुळातच राजी नसतो, कारण पिंपळावर मुंजा असतो. मोगल बादशहाच्या महालात, बादशहा न राहता, एक ब्राह्मण बटू वर्षानुवर्षे बिनभाड्याने राहतो आहे, ही बाब दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांच्या नजरेतून सुटली आहे.

महालाची बातमी वर्तमानपत्रांत ठरावीक वाक्यात येते. ऐतिहासिक वास्तू ‘अखेरच्या घटका मोजत आहे’, इतिहासप्रेमींतून नाराजी व्यक्त होत आहे, आणि लवकरच वास्तूला ‘गतवैभव’ प्राप्त होणार आहे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दिवसाला साठ, वर्षाला एकवीस हजार नऊशे. गॅझेटिअरपासून हिशेब धरला तरी एकशे चाळीस वर्षांत महालाने तीस लाख सहासष्ट हजार घटका मोजल्या. एवढ्या चिकाटीने मोजणारा दुसरा कर्मचारी जनगणनेतही मिळणार नाही. पूर्वी घटका मोजायला घटिकापात्र असे: तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, पाणी आत शिरत शिरत ती बुडाली की घटका भरली. छताला भोक आणि आत साठत जाणारे पाणी, या दोन्ही गोष्टी महालात आपसूक जमून आल्या असल्यामुळे ती उपमा वाटते त्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. ‘गतवैभव’ या शब्दाचा मात्र थोडा जपून वापर करायला हवा. गतवैभव परत आणायचे तर नगारखान्यात वाजंत्री, बुरुजावर तोफा आणि कारंज्यात रोज पाणी लागेल. वाजंत्री मिळतील. तोफाही कुठून तरी मिळतील.

पाण्याचा विषय निघाला म्हणून: मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून, उताराच्या आणि दाबाच्या जोरावर शहरात आणि महालांच्या कारंज्यांत खेळवले. आज शहराला जायकवाडीचे पाणी मोटारी लावून आणावे लागते आणि नळाला ते काही दिवसांआड येते. करदात्याला टाकी भरण्याचा वार पाठ असतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कारंज्याचा त्याला हेवा वाटला तर त्यात इतिहासप्रेमापेक्षा टाकीच्या रिकामेपणाचा वाटा मोठा असतो.

महालाच्या जीर्णोद्धाराची पहिली पायरी म्हणजे महाल कुणाचा हे ठरवणे. शहरात केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे मंडळ कार्यालय आहे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाचेही कार्यालय आहे. शिवाय महापालिका, महसूल, शिक्षण, वक्फ अशी अनेक दप्तरे आहेत. इतके पालक असलेले मूल जेवायला कुणाकडे आहे हे संध्याकाळपर्यंत कळत नाही, तशी काहीशी महालाची गत होते. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. म्हणजे संरक्षण मिळवायचे तर आधी शंभर वर्षे संरक्षणाशिवाय तग धरून दाखवायचा. सरकारी नोकरीतल्या अनुभवाच्या अटीसारखेच. २०१० च्या दुरुस्तीने अशा केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आले. कायदा चांगला आहे. पण स्मारकाशेजारी राहणाऱ्या माणसाला न्हाणीघराची भिंत बांधायची असते, आणि आपल्या गल्लीतल्या पडक्या कमानीवर कुणाची नजर पडू नये अशी प्रार्थना तो मनातल्या मनात करत असतो. इतिहासप्रेमी आणि शेजारी यांच्यातला फरक बहुतेक वेळा तीनशे मीटरचा असतो.

या महालाची आणखी एक अडचण आहे आणि ती चुन्याची नाही. बांधणाऱ्याचे नाव महाराष्ट्रात कुणाला आपुलकीचे नाही, तेव्हा त्याच्या घरासाठी निधी मागायला उभे राहणाऱ्याला आवाज थोडा खाली ठेवावा लागतो. पण दगड फोडणारे, चुना मळणारे आणि विटा वाहणारे हात इथल्याच गावांतले असणार. आणि मालक आयुष्यभर ज्यांच्यामागे धावत राहिल्यामुळे घरी परतला नाही, ते कोण होते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. या महालाचा रिकामेपणा हाच मराठ्यांच्या लढ्याचा पुरावा आहे, असा फलक कुणी लावला तर निधीची अडचण कदाचित सुटेल.

मालकी ठरली की स्थळपाहणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या पायऱ्या येतात. महालाच्या जिन्यापेक्षा त्या उंच असतात, आणि जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणेच मधली एखादी हमखास निखळलेली असते. निधी मिळाला तर तो मार्चच्या सुमारास मिळतो आणि एकतीस मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो. इथे खरी पंचाईत होते, कारण जुन्या इमारतीला लागतो तो चुना, आणि चुन्याला आर्थिक वर्ष समजत नाही.

चुन्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा. तो पाण्यात विरवायचा. विरताना तो उकळतो, फसफसतो आणि मग हौदात मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका चांगला. मग वाळू आणि विटेची सुरखी घालून घाणीत मळायचा: गोल चर, मध्ये खुंटा, दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. यात कारागीर बाभळीचा डिंक, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, मेथीचे पाणी घालत. प्रत्येक घराण्याचे प्रमाण वेगळे. गुळाने गिलावा बांधून येतो, बेलाच्या गराने चिकटतो, मेथी-उडदाने गुळगुळीत होतो. गूळ, डिंक, मेथी, उडीद: यादी नीट वाचली तर हा बाळंतिणीचा खुराक आहे. जुन्या गवंड्यांना इमारतीची कंबर धरू नये म्हणून काय करावे हे घरातल्या म्हाताऱ्यांनीच सांगितले असावे.

आता ही यादी अंदाजपत्रकात घालून पाहावी. सरकारी दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर चौरस मीटरला तयार मिळतो. मेथीचा मिळत नाही. ‘गूळ, काळा, अमुक किलो’ या ओळीपाशी लेखापरीक्षकाचा हात थांबतो. गूळ कशासाठी लागला, उरलेला गूळ कुठे आहे, आणि बैलाच्या पेंडीची पावती का जोडलेली नाही, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत तर तो कर्तव्यात चुकला असेच म्हणावे लागेल. या प्रश्नांच्या धास्तीने साधा मार्ग निघतो. सिमेंटचे पोते येते. दोन दिवसांत भिंत करडी, गुळगुळीत आणि पावतीसकट तयार होते.

सिमेंट वाईट नाही; ते चुकीच्या जागी आहे. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तिला थोडा श्वास लागतो. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते, क्षार पृष्ठभागाकडे येतात आणि तीन-चार पावसाळ्यांत नवा गिलावा जुन्या भिंतीचा पापुद्रा बरोबर घेऊन पडतो. मोठ्या घरची सून माहेरी जाताना दागिने घेऊन जाते, तसा. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण वाशांबद्दल आहे. दुरुस्तीनंतर ती भिंतींनाही लागू पडते. चुन्याच्या कामाला पुन्हा पाणी मारावे लागते, दिवसचे दिवस, सावकाश, मार्च-एप्रिलच्या उन्हात. ते पाणी कोणत्या दिवशी येते हे वर आलेच आहे.

दुरुस्तीने केलेले नुकसान हा या जिल्ह्यात नवा विषय नाही. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ च्या दरम्यान अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, ते उपयोगी ठरले. पण वरून लाखेच्या वार्निशाचा थर दिला. चित्रे काही दिवस झळाळली आणि मग वार्निश पिवळे पडत, काळवंडत गेले. ते काढण्यात पुढच्या पिढ्यांचे कष्ट गेले. हेतू निर्मळ, तज्ज्ञ परदेशी आणि खर्च सढळ असतानाही हे घडले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिचा भर आहे त्या स्थितीत सांभाळण्यावर होता. नवे करून जुन्यासारखे दाखवण्यावर नव्हता. म्हणजे जे आहे ते पडू देऊ नये, पडले आहे ते कल्पनेने उभारू नये. मर्दाना महालाबाबत तर पहिला भाग कडेला ठेवून थेट दुसऱ्याचीच स्वप्ने पाहिली जातात.

आशेला अगदीच जागा नाही असे नाही. स्मार्ट सिटी योजनेतून शहराच्या काही दरवाजांची डागडुजी झाली, शहागंजचा घड्याळाचा मनोरा दुरुस्त झाला, रात्री त्यांवर दिवेही लागले. दरवाजाची दुरुस्ती महालापेक्षा सोपी, कारण दरवाजाखालून रहदारी जाते. डोक्यावर दगड पडेल या भीतीने ज्यांची झोप उडते असे हजारो लोक रोज तिथून जातात, त्यामुळे दरवाजाला मतदारसंघ असतो. मर्दाना महालाखालून कुणी जात नाही. तिथे दगड पडला तर पारव्यावर पडतो.

जीर्णोद्धारानंतर महालाचे काय करावे याबद्दल शहरात भरपूर मते आहेत, आणि ती चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर वाढतात. संग्रहालय करावे, ही सर्वात सोज्ज्वळ सूचना. पण सोनेरी महालात ते आधीच आहे. राजस्थानात करतात तसे हॉटेल करावे, ही व्यवहारी सूचना. मात्र राजस्थानातल्या महालांना वारस असतात, त्यांना बिल पाठवता येते. ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम ठेवावा, असे म्हणणाऱ्यांनी त्या आवारातल्या डासांचा विचार केलेला नसतो. खर्च कसा उभारावा यावर मात्र एक जुना, स्थानिक आणि अजमावलेला मार्ग उपलब्ध आहे. बारादरीशेजारी दमडी महाल होता; बारादरीच्या कामावरच्या प्रत्येक मजुराकडून एकेक दमडी गोळा करून तो उभा राहिला, म्हणून ते नाव. एका इमारतीच्या मजुरीतून दुसरी इमारत, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्यापुढे आजचे उपकर पोरकट वाटतात. आज शहरात जितके टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्या प्रत्येक चौरस फुटामागे दमडी घेतली तरी चुन्याचे भागेल, आणि गुळाचेही.

त्यातल्या त्यात नियमाला धरून असलेली सूचना अभ्यासिकेची आहे. स्पर्धा परीक्षेची मुले शहरात खोल्याखोल्यांत दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना शांतता लागते, ती महालात आहे. वेळ लागतो, त्याची तर महालाकडे रेलचेल आहे. शिवाय छप्पर गळले तर नोट्स भिजतील, आणि नोट्स भिजलेल्या शंभर मुलांचा अर्ज कुठल्याही इतिहासप्रेमीच्या निवेदनापेक्षा टेबलावर लवकर पोचतो. त्यांच्यातलेच काही पुढे अधिकारी होतील, बदलीच्या गावी जातील, बंगला बांधतील आणि त्यात राहायला येणार नाहीत.

तोवर वर्षाचा क्रम ठरलेला आहे. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो. टोप्या घातलेल्यांची एक फेरी महालाभोवती निघते आणि पाण्याच्या बाटल्या मागे ठेवून जाते. पावसाळ्याआधी पिंपळ छाटला जातो. जूनमध्ये पहिली सर येते, हौदात पाणी साचते, बेडूक येतात, आणि गॅझेटिअरने पाहिलेली बाग काही आठवडे तरी ओळखू येते. जुलैत पिंपळाला तांबूस कोवळी पाने फुटतात. १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो तेव्हा फुटवे हातभर झालेले असतात, आणि पाहणीच्या फोटोत कमानीच्या कोपऱ्यातून डोकावणारी ती हिरवी फांदी फार छान दिसते.